सोळा-शून्यचा हिशेब कुणाच्या खात्यावर?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि काही दिवसांतच एक वाद उकरून निघाला. क्रिकेटच्या मुलींनी करून दाखवलं, मग फुटबॉलच्या मुली आजवर काय करत होत्या? एका बाजूनं हा सवाल, सोबत चीनकडून झालेल्या ०-१६ पराभवाचा दाखला. दुसऱ्या बाजूनं तितक्याच तावातावानं उत्तर: पुरुषांचा संघ जागतिक क्रमवारीत १३० च्याही खाली घसरला, मुली ऑगस्टमध्ये ६३ व्या होत्या, तेव्हा बोलायचं असेल तर आधी पुरुषांना बोला. दोन्ही बाजूंनी निकालांचा तक्ता हातात धरलाय, पण तो तक्ता तयार कसा झाला याची विचारपूस कुणीच करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. राष्ट्रीय संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी ही आधी तो संघ चालवणाऱ्यांची कामगिरी असते, खेळाडूंची त्यानंतर. भारतीय महिला फुटबॉल संघाच्या पन्नास वर्षांच्या नोंदी वाचायच्या असतील, तर हरलेल्या सामन्यांआधी न खेळलेले सामने मोजावे लागतील. ज्या वर्षांत संघच उभा केला नाही, ज्या महिन्यांत एकही सामना ठरवला नाही, त्या रिकाम्या जागांचा पराभवांशी थेट संबंध आहे. हे मान्य केल्याशिवाय या मुली चांगल्या की वाईट ही चर्चा करण्यात अर्थ नाही. आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की, क्रमवारीचा आधार सोडा. तो आधार कच्चा आहे.

कच्चा का? पुरुषांच्या क्रमवारीतले दोनशेहून अधिक देश बहुतेक शंभर-पन्नास वर्षं हा खेळ खेळताहेत, त्यात जीव ओतताहेत. महिलांच्या क्रमवारीत खालच्या निम्म्या भागातल्या कित्येक देशांनी अजून धड सुरुवातही केलेली नाही. पाकिस्तानचा महिला संघ २०१४ नंतर थेट २०२२ मध्ये मैदानात उतरला. अशा संघांच्या वर असणं हा पुरुष संघावर मात केल्याचा पुरावा होत नाही. शिवाय ही तुलना करणारा नकळत एक गोष्ट कबूल करून बसतो: मुलींनी खेळायचा हक्क पुरुषांपेक्षा वरचा नंबर आणून सिद्ध करायचा. उद्या नंबर घसरला तर? तेव्हा हक्कही घसरणार का?

आता मूळ नोंदींकडे येऊ. भारतात महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूरला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ही तारीख नीट लक्षात घ्यायला हवी. इंग्लंडच्या महिला संघाचा पहिला अधिकृत सामना १९७२ च्या नोव्हेंबरातला. जपानचा महिला संघ आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा १९८१ मध्ये उतरला, चीनचा १९८६ मध्ये. म्हणजे आपण उशिरा निघालो, ही समजूत खोटी आहे. आपण इंग्लंडच्या जेमतेम तीन वर्षं मागे आणि चीन-जपानच्या पुढे होतो. १९८० च्या सुरुवातीला कालिकतला झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत उपविजेता ठरला, १९८१ मध्ये तिसरा आला, १९८३ मध्ये पुन्हा उपविजेता झाला. त्याच वर्षी शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू.

त्या काळाला सुवर्णयुग म्हणायची एक पद्धत पडली आहे, आणि विरोधक त्यावर बोट ठेवतात ते बरोबरच आहे. कालिकतच्या स्पर्धेत सहाच संघ होते. त्यातले दोन भारताचेच होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या वतीनं आलेला संघ फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियाचा होता. चीन नव्हता, जपान नव्हता, दोन्ही कोरिया नव्हते. अशा मैदानातलं उपविजेतेपद आजच्या आशियातल्या उपविजेतेपदाशी तोलता येणार नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? सगळ्यांचीच सुरुवात होत असताना आपण त्या सगळ्यांच्या बरोबरीनं उभे होतो, एवढं तरी त्यातून ठामपणे निघतं. मग पुढं काय झालं? चीन १९८६ मध्ये पहिल्यांदा आला, जिंकला, आणि १९९९ पर्यंतच्या सातही आशियाई स्पर्धा त्यानंच जिंकल्या. त्याच काळात भारत १९८६, १९८९, १९९१ आणि १९९३ या चारही स्पर्धांना नव्हता. हरला नव्हता. तिथं गेलाच नव्हता. ज्या आठ-दहा वर्षांत आशियाचं महिला फुटबॉल घडलं, त्या वर्षांत आपला संघ घरी बसून होता. मधल्या काळात जुनी संघटना मोडकळीला आली आणि नव्वदीच्या सुरुवातीला महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला. त्या घरी बसलेल्या वर्षांत विशीतली कुठली खेळाडू किती चांगली होती, हे आता कोणालाच कळायचं नाही, कारण तिची नोंदच नाही.

आता तो ०-१६. डिसेंबर १९९८, बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धा, समोर चीन. हा चीन कोण होता? १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचा रौप्यपदक विजेता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नव्वद हजार प्रेक्षकांसमोर यजमानांना गोलशून्य बरोबरीत रोखून फक्त पेनल्टी शूटआउटमध्ये हरलेला संघ. जगातल्या सर्वोत्तम दोन संघांपैकी एकासमोर आपण अशा मुली उभ्या केल्या, ज्यांना देशात सलग चालणारी लीग नव्हती. आणि अशी लीग पुढची अठरा वर्षंही येणार नव्हती! वर्षभर शाळाच न भरवता मुलांना बोर्डाच्या परीक्षेला बसवावं आणि निकाल लागला की पोरं ढ आहेत म्हणावं, तसं हे झालं. त्या संघात ओइनाम बेमबेम देवीच्या पिढीतल्या मुली होत्या. पंधराव्या वर्षाच्या आसपास देशासाठी खेळू लागलेल्या बेमबेमनं वीसएक वर्षं हा संघ ओढून नेला आणि २०२० मध्ये तिला पद्मश्री मिळाली. तिच्या वाट्याला जी कारकीर्द आली त्यात सामने किती होते आणि वाट पाहणं किती होतं, याचा विचार करावा.

वाट पाहणं म्हणजे काय, ते २००९ मध्ये जगानं कागदावर लिहून दिलं. दीड वर्ष एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे फिफानं भारताचं नाव महिला क्रमवारीतून काढून टाकलं. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाला अठरा महिन्यांत कुणाशीही एक मैत्रीपूर्ण सामना ठरवता आला नाही. यात बचावफळीची चूक होती? गोलरक्षकाची होती? आणि याच संघाला २०१० मध्ये खेळायला मिळालं तेव्हा त्यानं दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण आणि दक्षिण आशियाई देशांची पहिली साफ फुटबॉल स्पर्धा ही दोन्ही विजेतेपदं त्याच वर्षात जिंकून आणली.

आपण यात एकटे नाही, आणि म्हणूनच दुसऱ्यांचा इतिहास उपयोगी पडतो. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं महिलांना आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बंदी घातली. हा खेळ बायकांना मानवत नाही, असं कारण दिलं गेलं. ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ कायद्यानं मनाई होती, पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०. बंदी उठल्यानंतर काही वर्षांनी या देशांतल्या मुलींचं फुटबॉल कमकुवत दिसलं असेल, तर तो त्यांच्या पायांचा दोष म्हणायचा का? जर्मनीनं पुढं २००३ आणि २००७ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले. पाय तेच होते.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठं बंदी होती? कायद्यानं नव्हती, हे खरं. पण न खेळवणं हीदेखील एक बंदीच असते, फक्त तिचं परिपत्रक निघत नाही. मेस्सी-मॅराडोनाच्या अर्जेंटिनातही ती होती: २०१५ नंतर तिथल्या महिला संघाला जवळपास दोन वर्षं सामनाच नव्हता, क्रमवारीतून नाव गेलं, २०१७ मध्ये मुलींनी संप केला. २०१९ च्या विश्वचषकात याच संघानं स्कॉटलंडविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून ३-३ बरोबरी साधली. जमैकाच्या महासंघानं पैसे नाहीत म्हणून महिला संघच गुंडाळून ठेवला होता. गायक बॉब मार्लीच्या मुलीनं, सेडेला मार्लीनं, खटपट करून तो पुन्हा उभा केला. २०२३ च्या विश्वचषकात त्या जमैकानं फ्रान्सला आणि ब्राझीललाही गोल करू दिला नाही आणि बाद फेरी गाठली. संघ गुंडाळला होता त्या वर्षांतली जमैकाची आकडेवारी हातात घेऊन कुणी त्या मुलींची लायकी ठरवली असती तर?

इथवर वाचून विरोधकांकडे अजून तीन भक्कम मुद्दे शिल्लक राहतात, आणि ते टाळून पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

पहिला मुद्दा बांगलादेशचा, आणि मला तोच सगळ्यात टोकदार वाटतो. साफ स्पर्धेची पहिली पाच विजेतेपदं आपली. २०२२ पर्यंत या स्पर्धेत आपण एकही सामना हरलो नव्हतो. मग काठमांडूला बांगलादेशनं आपल्याला ३-० हरवलं, उपान्त्य फेरीत नेपाळनं घरी पाठवलं. २०२४ मध्ये पुन्हा नेपाळकडूनच उपान्त्य फेरीत हार, पुन्हा बांगलादेश विजेता. बांगलादेशकडे आपल्यापेक्षा पैसा कमी, माणसं कमी, मैदानं कमी. मग गरिबीचं, दुर्लक्षाचं रडगाणं किती दिवस गायचं? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर शोधायला मयमनसिंह जिल्ह्यातल्या कलसिंदूर गावी जावं लागतं. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या मुली देशभरातल्या प्राथमिक शाळांच्या स्पर्धेत खेळू लागल्या, जिंकू लागल्या, आणि त्यातल्या अनेक जणी पुढं राष्ट्रीय संघात पोचल्या. ती स्पर्धा २०११ पासून मुलींसाठी दरवर्षी भरवायला सुरुवात झाली होती. तिथून निवडलेल्या मुलींना ढाक्यात महासंघाच्या निवासी शिबिरात वर्षातला बराचसा काळ एकत्र ठेवलं गेलं. म्हणजे दहा-अकरा वर्षांची मुलगी शाळेच्या मैदानावर दिसली, तेव्हापासून तिच्या पायाला चेंडू लागत राहिला. बांगलादेशच्याही खेळाडूंना पगारासाठी भांडावं लागलंय, प्रशिक्षकाविरुद्ध बंड करावं लागलंय. तिथं सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. पण बांगलादेशचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. मी पैसा मागत नाहीये, खेळायला मिळालेले दिवस मोजतोय. त्या हिशेबात बांगलादेश आपल्या पुढं गेला आणि लगेच मैदानावरही पुढं गेला.

दुसरा मुद्दा १७ वर्षांखालच्या विश्वचषकाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई ही त्याची मैदानं. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळालेल्या आपल्या मुलींसाठी शिबिरं झाली, परदेशी प्रशिक्षक आला, दौरे झाले. निकाल? अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सगळं देऊनही हे होत असेल तर कारभाराला का दोष द्यायचा? हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. पण सगळं म्हणजे काय दिलं? तीसेक मुलींना एका शिबिरात ठेवलं. त्या शिबिराबाहेर, राज्याराज्यांत, त्यांच्याशी खेळणाऱ्या दुसऱ्या मुली नव्हत्या. अमेरिकेची मुलगी आठव्या वर्षापासून शनिवार-रविवारी सामने खेळत मोठी होते, कारण १९७२ च्या तिथल्या कायद्यानं शाळा-कॉलेजांना मुलींच्या शिक्षणात, आणि पर्यायानं खेळातही, भेदभाव करायला मनाई केली. त्या कायद्यानंतर एकोणीस वर्षांनी अमेरिकेनं पहिला महिला विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षं. आपण दोन वर्षांच्या शिबिरातून तेच मागत होतो. मोरोक्कोचा निकाल तर जास्तच विचार करायला लावणारा आहे, कारण तोही त्या स्पर्धेतला नवखाच संघ. फरक इतकाच की त्यांच्या महासंघानं २०२० पासून महिलांची दोन स्तरांची व्यावसायिक लीग सुरू केली होती.

तिसरा मुद्दा बाजाराचा. लोक पाहत नाहीत, प्रायोजक येत नाहीत, पुरुषांच्या फुटबॉलनं कमवायचं आणि मुलींवर खर्च करायचा हे कुठवर? यावर मी फार वेळ घालवणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये पुरुषांची इंडियन सुपर लीग, जी बाजारावर चालते असं आपल्याला दहा वर्षं सांगण्यात आलं, ती व्यावसायिक करार न जुळल्यानं बेमुदत थांबवण्यात आली. बाजार पुरुषांच्याही फुटबॉलला पोसत नाही, आणि तरीही त्यांनी खेळू नये असं कुणी म्हटलं नाही, म्हणूही नये. मग फायद्या-तोट्याचा ताळेबंद फक्त मुलींसमोरच का ठेवला जातो? क्रिकेटचं उदाहरण द्यायचंच तर पूर्ण द्यावं. महिला क्रिकेटची राष्ट्रीय संघटना १९७३ ची, म्हणजे फुटबॉलच्या दोन वर्षं आधीची. पुढची तेहतीस वर्षं त्या मुलींनी रेल्वेच्या सामान्य डब्यातून प्रवास केले, शाळांच्या वर्गखोल्यांत मुक्काम केले. २००६ मध्ये बीसीसीआयनं कारभार हाती घेतला. त्यानंतरही २०१४ ते २०२१ अशी जवळपास सात वर्षं भारतीय महिलांनी एकही कसोटी खेळली नाही. समान मानधन २०२२ मध्ये आलं, महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये, आणि विश्वचषक २०२५ मध्ये. हा क्रम पाहा. आधी सामने, आधी मानधन, आधी लीग, चषक त्यानंतर. सांगलीच्या स्मृती मानधनाला आणि उपान्त्य फेरीत नाबाद १२७ करणाऱ्या मुंबईच्या जेमिमाला कुणी आधी चषक आणा, मग बघू असं म्हटलं असतं, तर ती नोव्हेंबरची रात्र आली नसती.

आणि जिथं तो चषक उचलला गेला, त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२२ मध्ये फुटबॉलच्या मुलींचं काय झालं हे किती मराठी क्रीडारसिकांना आठवतं? आशिया चषक तेव्हा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. आपल्याच राज्यात! ही स्पर्धा म्हणजेच विश्वचषकाची पात्रता फेरी. त्याआधीच्या वर्षभरात या संघाला, यजमानपदाच्या निमित्तानं का होईना, पहिल्यांदा भरपूर सामने मिळाले होते: उझबेकिस्तान, तुर्की, सर्बिया, आखात, स्वीडन, ब्राझील. २०१७ मध्ये दक्षिण कोरियाकडून ०-१० हरलेला हा संघ ऑक्टोबर २०२१ मध्ये बहारीनला तैवानवर १-० नं मात करून आला. नोव्हेंबरात ब्राझीलच्या मानाउसला यजमानांकडून १-६ हरला खरा, पण त्यातला एक गोल मनीषा कल्याणनं मारला होता. व्हेनेझुएलाशी निसटती १-२ हार झाली. २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. २३ तारखेला सामना होता तैवानशीच, तीन महिन्यांपूर्वी हरवलेल्या संघाशी. त्या दिवशी बारा मुली कोविडबाधित निघाल्या. नियमानं लागणाऱ्या तेरा खेळाडू उभ्या करता येईनात. मैदान तयार होतं, समोरचा संघ आलेला होता, आणि सामना सुरू व्हायला थोडाच वेळ उरला असताना तो रद्द झाला. नियमाप्रमाणे भारताची स्पर्धेतून माघार धरली गेली आणि इराणविरुद्धचा तो एकमेव निकालही बाद ठरला. आज त्या स्पर्धेचा गुणतक्ता काढला तर भारताच्या नावापुढं काहीच नाही. वर्षभराच्या मेहनतीची नोंद: कोरी. तैवान पुढं उपांत्यपूर्व फेरीत गेला. संघ ज्या हॉटेलात होता तिथली विलगीकरणाची व्यवस्था कुणाची जबाबदारी, यावर महासंघ आणि आशियाई संघटना एकमेकांकडे बोटं दाखवत राहिले.

सहा-सात महिन्यांत पुन्हा तेच. ऑगस्ट २०२२ मध्ये महासंघाच्या कारभारात त्रयस्थांचा हस्तक्षेप झाल्याच्या कारणावरून फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केलं. गोकुलम केरळा या क्लबच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. अकरा दिवसांत निलंबन उठलं, पण त्या न खेळता परत आल्या. पदाधिकाऱ्यांच्या भांडणाची शिक्षा हॉटेलात बूट बांधून बसलेल्या मुलींनी भोगली. या घटना अपवाद म्हणून सोडून देता आल्या असत्या, जर त्या एवढ्या नेमानं घडल्या नसत्या.

एवढं असूनही ५ जुलै २०२५ चा दिवस आला. थायलंडमध्ये चिआंग माई इथं आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा शेवटचा सामना, यजमानांविरुद्धच. जिंकणारा ऑस्ट्रेलियाला जाणार, हरणारा घरी राहणार. थायलंड २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला, क्रमवारीत वीसेक पायऱ्या वरचा संघ. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संगीता बासफोरनं २९ व्या मिनिटाला लांबून फटका मारून पहिला गोल केला. मध्यांतरानंतर लगेच थायलंडनं बरोबरी साधली. ७४ व्या मिनिटाला कॉर्नरवरून उडालेल्या चेंडूला संगीतानंच डोक्यानं जाळ्याची वाट दाखवली. २-१. क्रिस्पिन छेत्रीच्या मार्गदर्शनाखालच्या या संघानं पात्रता फेरी खेळून आशिया चषकात प्रवेश मिळवला. असं पहिल्यांदाच झालं. त्याच फेरीत आपण मंगोलियाला १३-० हरवलं होतं, आणि कौतुकाच्या भरात अनेकांनी तोच आकडा आधी सांगितला. मला तो सांगावासा वाटत नाही. मंगोलियाच्या मुलींची अवस्था ही आपली १९९८ ची अवस्था आहे. त्यांना हरवण्यात आपला मोठेपणा दिसत नाही; थायलंडला त्यांच्या घरी हरवण्यात दिसतो.

मग आता काय हवं? इंडियन विमेन्स लीग जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली, तीही बरीच वर्षं एका ठिकाणी जमून थोड्या दिवसांत उरकायच्या स्पर्धेसारखी. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळायची खरी लीग झाली ती २०२३-२४ मध्ये. २०२४-२५ ला आठ संघ होते, म्हणजे एका खेळाडूला वर्षात चौदा सामने. त्याच हंगामात पुरुषांच्या वरच्या लीगमध्ये प्रत्येक संघ किमान चोवीस सामने खेळला. किमान वेतनाची मर्यादा महासंघानं २०२३ मध्ये ठरवली: क्लबनं दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३.२ लाख रुपये द्यावेत. महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. मणिपूर, जिथून या संघाचा निम्मा कणा येतो आणि ज्या राज्यानं राष्ट्रीय स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकलीय, तिथली मुलगी पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी बघते ती याच हिशेबानं.

त्या राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. आपल्याला याचा अभिमान वाटायला हवा, आणि तो वाटत असेल तर एक अडचणीचा प्रश्नही विचारायला हवा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ उतरतात तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा: एकेका संघासाठी अख्खी पेठ रस्त्यावर येते. एवढं फुटबॉलवेड महाराष्ट्रात दुसरीकडे सापडणार नाही. या तालमींना मुलींचे संघ उभे करायला काय हरकत आहे? जर्सीचा रंग तोच, नाव तेच, पाठीराखे तेच. त्या मुलींच्या पहिल्या दहा सामन्यांचा दर्जा बेताचा असेल. असू दे. बार्सिलोना आणि आर्सेनल या क्लबांनीही आपल्या नावाखाली मुलींना खेळवायला सुरुवात केली तेव्हा स्टेडियमं भरत नव्हती. राज्यात स्पर्धा भरवण्याची जबाबदारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची आहे. तिनं जिल्हावार मुलींचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावं आणि ते पाळावं. गोव्याला तर योलांडा डिसूझासारख्या खेळाडूंचा वारसा सत्तरच्या दशकापासून आहे. तिथं हे शून्यापासून सुरू करायचं नाही, मध्येच सोडलेलं पुन्हा हाती घ्यायचंय.

आता मार्च २०२६ बद्दल. २०२६ च्या आशिया चषकात आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि तैवान आहेत. ४ मार्चला व्हिएतनाम आणि ७ मार्चला जपान, दोन्ही सामने पर्थला. १० मार्चला तैवान, सिडनीत. बारा संघांतून आठ उपांत्यपूर्व फेरीत जातील, आणि तिथून २०२७ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाची वाट उघडते. जपान २०११ चा विश्वविजेता आहे, २०२३ मध्ये त्यांनी आपल्याला ०-७ हरवलंय, आणि या खेपेचा आकडाही मोठा असू शकतो. तसं झालं तर तो ०-१६ पुन्हा बाहेर निघेल. त्या वेळी मोरोक्कोची आठवण ठेवावी. २०२३ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात जर्मनीकडून ०-६ हरलेला मोरोक्को पुढं दक्षिण कोरियाला आणि कोलंबियाला हरवून बाद फेरीत पोचला. जर्मनी गटातूनच परत गेली. ०-६ वरून कुणी निकाल लावून मोकळं झालं असतं तर पुढचे दोन सामने बघायचेच राहिले असते.

हा संघ हरला तर त्याच्यावर टीका करू नये, असं मी म्हणत नाही. तैवान आणि व्हिएतनाम हे संघ आपल्या आवाक्यातले आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध ढिसाळ खेळ झाला तर तसं स्पष्ट लिहावं. खेळाडूंना ती टीका पेलते. टीका होण्याइतकं त्यांना गंभीरपणे घेतलं जावं, हेच तर इतकी वर्षं राहून गेलंय. पण त्याच वेळी नवी दिल्लीत महासंघाच्या कार्यालयाला एक प्रश्न लेखी विचारायला हवा, आणि क्रीडा पत्रकारांनी तो आत्ताच, निकाल लागण्याआधी विचारावा. १० मार्चच्या सामन्यानंतर एप्रिल ते डिसेंबर २०२६ या नऊ महिन्यांत या संघाचे किती सामने, कुणाशी, कुठं ठरलेत?